सेझॉनच्या बाटल्या मार्चमध्येच का फुटल्या: एका छोट्या होमब्रू किटचं प्रकरण

मार्चच्या सुरुवातीला पहिली मेल आली. गिऱ्हाईक म्हणे पँट्रीत ठेवलेल्या बाटल्यांपैकी तीन रात्रीत फुटल्या, काचा पार वरच्या फळीपर्यंत उडाल्या, घरात सगळे झोपलेले म्हणून कोणाला लागलं नाही, पण आता उरलेल्या बाटल्यांना हात लावायची हिंमत होत नाहीये, काय करू सांगा. दोन-चार दिवसांनी दुसरी मेल, तिच्यात बाटली फुटली नव्हती पण झाकण काढल्याबरोबर बियर छताला लागली, फोटोही जोडलेला. मग तिसरी, मग चौथी. सगळ्यांना घरी बियर करायचं किट ख्रिसमसला मिळालेलं, सगळ्यांची बियर सुरुवातीला ‘एकदम मस्त’ झालेली, आणि किटही सगळ्यांचं एकच, सेझॉन नावाच्या बेल्जियन धाटणीच्या बियरचं.

किट विकणारे म्हणजे माझा मित्र आणि वहिनी. दोघं ओहायोत, कोलंबसजवळ राहतात, ग्रीन कार्ड झाल्यावर नोकरी सांभाळून हा जोडधंदा सुरू केला, ऑनलाइन विक्री आणि नोव्हेंबर-डिसेंबरात हॉलिडे मार्केटमध्ये टेबल. हे सगळं लिहायला त्यांची परवानगी आहे, फक्त नावं नकोत म्हणाले. मी इथे फूड क्वालिटीत काम करतो, नमुन्यातलं यीस्ट आणि मोल्ड म्हणजे बुरशी प्लेटांवर वाढवून मोजणं हे माझं रोजचंच, त्यामुळे वहिनींनी फोन केला तो थेट, ‘भाऊजी, शनिवारी या आणि मायक्रोस्कोप घेऊन या.’

आधी किटबद्दल, कारण ते माहीत नसेल तर पुढचं डोक्यावरून जाईल. अमेरिकेत घरी बियर करणाऱ्यांचं नेहमीचं माप ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर, त्याला मोठं पातेलं लागतं, मोठा फर्मेंटर म्हणजे बियर आंबवायचं भांडं लागतं, आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याच्या बायकोची परवानगी लागते. १ गॅलनची, ३.८ लिटरची किटं त्याच लोकांसाठी आली. ब्रुकलिन ब्रू शॉपने २००९ मध्ये न्यू यॉर्कच्या एका फ्ली मार्केटमधून अशी किटं विकायला सुरुवात केली आणि मग ही गिफ्ट म्हणून द्यायची वस्तू झाली. आमच्या मित्राचं किटही त्याच धर्तीचं: काचेचा १ गॅलनचा जग, रबरी बूच आणि एअरलॉक (गॅस बाहेर सोडतो, हवा आत येऊ देत नाही), एक नळी आणि तिचा चिमटा, थर्मामीटर, साधारण ९०० ग्रॅम भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), कडवटपणासाठी हॉप्सच्या फुलांची पुडी, यीस्टची पुडी, सॅनिटायझरची पुडी आणि एक पानी सूचना. माल्ट गरम पाण्यात ६५-६७ डिग्री सेल्सियसला तासभर भिजवायचं, गाळून घ्यायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं, सिंकमध्ये बर्फ टाकून गार करायचं, जगात ओतून यीस्ट टाकायचं, दोन आठवड्यांनी मध घालून बाटल्या भरायच्या, अजून दोन आठवड्यांनी प्यायची. गॅलनमधून गाळ वगैरे जाऊन ३.६ लिटरच्या आसपास हातात येते, म्हणजे १२ औंसाच्या दहा बाटल्या.

कायद्याचं विचाराल तर किटमध्ये दारू नसतेच, धान्य आणि पुड्या असतात, त्यामुळे विकायला दारूचं लायसन्स लागत नाही. घरी करायला फेडरल मुभा आहे, जिमी कार्टरने ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून लागू झालं: एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, फक्त विकायची नाही. राज्यांचे आपापले कायदे वेगळे, मिसिसिपी आणि अलाबामात तर २०१३ उजाडलं. पुण्यातल्या एका मावसभावाने ‘एक किट पाठव ना’ म्हणून लकडा लावला होता त्याला वहिनींनी स्पष्ट नाही सांगितलं, आणि बरोबरच सांगितलं. १९४९ च्या महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात विनापरवाना दारू करणं हा गुन्हा आहेच, पण दारू करायच्या उद्देशाने भांडीकुंडी आणि सामान घरात ठेवणं हाही गुन्हा आहे. पुण्यात डूलालीपासून पुढे किती मायक्रोब्रुअरी आल्या हा युक्तिवाद तिथे चालत नाही, त्यांच्याकडे लायसन्स असतं, मावसभावाकडे नसतं.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. मी पोचायच्या आधीच मित्राने निदान करून टाकलं होतं: लोकांनी बाटल्या नीट धुतल्या नाहीत, इन्फेक्शन झालं, गॅस वाढला. इन्फेक्शनने बाटल्या फुटतात हे खरंच आहे, जंगली यीस्ट किंवा बॅक्टेरिया शिरले तर बियर यीस्टने सोडलेली साखरही ते खातात आणि गॅस होत राहतो. त्यामुळे त्याने सेझॉन घेतलेल्या प्रत्येकाला सॅनिटायझरची एकेक जादा पुडी आणि ‘स्वच्छतेची काळजी घ्या’ असं पत्र फुकट पोस्टाने पाठवलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एका गिऱ्हाइकाने तर उलट लिहिलं की मी हॉस्पिटलमध्ये स्टरिलायझेशनचंच काम करते, मला शिकवू नका.

दोन गिऱ्हाइकं कोलंबसमधलीच होती. त्यांना आधी बाटल्या रात्रभर थंड करायला सांगितल्या आणि मग कूलरमध्ये बर्फात घालून, वर टॉवेल गुंडाळून आणल्या. गॉगल आणि जाड हातमोजे घालून सिंकमध्ये, बाटली पिशवीत धरून हळूहळू झाकण उचललं, एकदम नाही, थोडं उचलायचं, फुस्स होऊ द्यायचं, परत दाबायचं. अर्धी बियर फेस होऊन गेलीच. उरलेलीचा वास घेतला तर स्वच्छ, मिऱ्यासारखा थोडा तिखट आणि संत्र्याच्या सालीचा, सेझॉनला हवा तसाच. आंबट नाही, व्हिनेगर नाही, वर साय धरलेली नाही. पीएच ४.२, नेहमीच्या बियरएवढाच. मायक्रोस्कोपखाली गोल-लांबट यीस्टच्या पेशी, काड्यांसारखे बॅक्टेरिया नाहीत म्हणजे नाहीत. बॅक्टेरियासाठी प्लेटा लावल्या त्याही कोऱ्या. चव मात्र लक्षात राहण्यासारखी होती: कोरडी ठणठणीत, जिभेवर गोडाचा मागमूस नाही.

मग दोन ग्लासांत ती बियर या ग्लासातून त्या ग्लासात वरखाली ओतून गॅस पूर्ण काढला आणि हायड्रोमीटर सोडला, म्हणजे द्रव पाण्यापेक्षा किती जड ते सांगणारी तरंगती काचनळी. त्या आकड्याला ग्रॅव्हिटी म्हणतात, पाण्याची १.०००, आणि बियरमध्ये साखर जितकी जास्त उरलेली तितका आकडा वर. आली १.००३. दुसरी बाटली, तीही १.००३. मित्राच्या रेसिपीत लिहिलं होतं शेवटची ग्रॅव्हिटी १.०१०. हा आकडा कुठून आणला विचारलं तर म्हणे, पेल एलच्या, म्हणजे साध्या फिकट बियरच्या, सूचना होत्या त्याच कॉपी केल्या, फक्त माल्ट आणि यीस्ट बदललं.

इथे खरा मुद्दा सुरू होतो. बियरमध्ये यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, पण माल्टमधली सगळी साखर त्याला खाता येत नाही. लांब साखळ्यांचे डेक्स्ट्रिन उरतात, त्यानेच बियरला थोडं अंग येतं. सेझॉनच्या बऱ्याच यीस्टची गोष्ट वेगळी आहे. त्यांना डायस्टॅटिकस म्हणतात, त्यांच्यात एसटीए१ नावाचं जीन असतं, त्यामुळे ते पेशीबाहेर ग्लुकोअमायलेज सोडतात, ते एन्झाइम डेक्स्ट्रिन तोडून ग्लुकोज करतं आणि मग यीस्ट तेही खातं. हे सावकाश होतं. आधी सोप्या साखरा संपतात, फसफस थांबते, वाटतं झालं, आणि त्यानंतर आठवडेच्या आठवडे आत काम चालूच असतं. मायक्रोस्कोपखाली हे यीस्ट साध्या ब्रूइंग यीस्टपेक्षा वेगळं दिसत नाही, ओळखायचं तर पीसीआर, म्हणजे जीन शोधायची चाचणी, करावा लागतो. आम्ही तो केला नाही, कारण मित्राने वापरलेल्या यीस्टच्या तांत्रिक माहितीपत्रकात ते डायस्टॅटिकस आहे हे कंपनीने सरळ छापलेलंच होतं, अटेन्युएशन, म्हणजे यीस्ट किती टक्के साखर संपवतं, तेही ८५ टक्क्यांच्या वर दिलेलं. यीस्टने आपलं काम चोख केलं होतं. माहितीपत्रक तेवढं कोणी उघडलं नव्हतं.

आणि हे काही घरगुती करणाऱ्यांचंच दुखणं नाही. कोलोराडोतल्या लेफ्ट हँड ब्रुइंगला २०१६ मध्ये मिल्क स्टाउट नायट्रो ही बियर बाजारातून परत बोलवावी लागली, आणि २०१७ मध्ये त्यांनी व्हाइट लॅब्स या यीस्ट कंपनीवर दावा लावला की पुरवलेल्या यीस्टमध्ये डायस्टॅटिकस मिसळलेलं होतं. तेव्हापासून मोठ्या ब्रुअरी या नावाला जाम वचकून असतात.

पण मग फक्त यीस्टच कारण म्हटलं तर एक प्रश्न उरतो. हीच सेझॉन मित्राने मे-जूनमध्येही विकली होती आणि उन्हाळ्यात एकही तक्रार नव्हती. यीस्ट तेच, कागद तोच. असं का?

उत्तर कॅलेंडरमध्ये आहे, म्हणजे गिफ्टच्या कॅलेंडरमध्ये. किट ख्रिसमसला मिळतं, माणूस जानेवारीत कधीतरी रिकाम्या रविवारी करायला घेतो. ओहायोचा जानेवारी, बाहेर बर्फ, घरात थर्मोस्टॅट ६५ फॅरनहाइटवर (१८ सेल्सियस) आणि रात्री अजून खाली, जग ठेवला बेसमेंटमध्ये किंवा किचनच्या कोपऱ्यात खिडकीपाशी. १९ लिटरचा फर्मेंटर असता तर आतल्या फर्मेंटेशनच्या उष्णतेने तो स्वतःच दोन-तीन डिग्री वर राहिला असता, ३.८ लिटरच्या जगाला ते जमत नाही, खोली थंड की तोही थंड. सेझॉनच्या यीस्टला २० डिग्री सेल्सियसच्या वर आवडतं, आणि इथे त्याला मिळाले १६-१७. शिवाय यीस्टची ११ ग्रॅमची पुडी असते मोठ्या बॅचसाठी, मित्र ती ऑक्टोबरात उघडून तीन-तीन ग्रॅमच्या छोट्या पुड्या करायचा, हवा लागलेलं ते यीस्ट जानेवारीपर्यंत अर्धमेलं. थंडी वाजणारं, थकलेलं यीस्ट मध्येच बसकण मारतं. एअरलॉकचे बुडबुडे थांबतात. कागदावर लिहिलंय ‘दोन आठवडे, किंवा बुडबुडे थांबले की’, माणूस खूश, बाटल्या भरतो. पहिले काही आठवडे बाटलीत फक्त मधाचा गॅस, त्यामुळे बियर मस्त लागते. मग मार्चमध्ये ऊन पडतं, घर तापतं, बाटल्या पँट्रीत फर्नेसच्या भिंतीला लागून, आणि यीस्ट उठून उरलेलं जेवण जेवायला बसतं. उन्हाळ्यात मात्र जग पहिल्यापासूनच २५ डिग्रीला, दोन आठवड्यांत यीस्ट जवळजवळ तळ गाठायचं आणि बाटलीत खायला काही उरायचंच नाही.

हे नुसतं तर्काने ठरवायचं नव्हतं म्हणून त्याच लॉटच्या दोन किटांतून बियर केली. मित्राच्या किचनमध्ये दिवसभर माल्टचा गोडसर वास, वहिनी भिजवलेलं माल्ट ढवळतायत आणि मी थर्मामीटर धरून. सुरुवातीची ग्रॅव्हिटी दोन्हीची १.०५० आली. एक जग बेसमेंटमध्ये १७ डिग्रीला, दुसरा वरच्या बंद खोलीत हीटर लावून २४ ला. कागदावरचे दोन आठवडे झाल्यावर दोन्हींचे बुडबुडे थांबलेले, दिसायला सारखेच, थंड जग तर उलट जास्त नितळ दिसत होता. हायड्रोमीटर लावला: गरम जग १.००४, थंड जग १.००९. थंडवाला सूचनेप्रमाणे मध घालून भरला, पण काचेत नाही, सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत, आणि त्या वर २४ डिग्रीच्या खोलीत आणून ठेवल्या. बाटली दाबून बघायची, एवढंच. पहिल्या आठवड्यात नरम, मग दुकानातल्या कोकसारखी, मग अंगठा रुतेना, मग बुडाचे खळगे बाहेर आले आणि बाटली उभी राहीना. उघडून गॅस काढून मोजली, १.००३.

आता हिशोब, तो बघाच कारण धोका किती होता ते त्याशिवाय कळत नाही. बियरमधला गॅस ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात (एक लिटर बियरमध्ये एक लिटर गॅस विरघळला की एक व्हॉल्यूम), पेल एलसारखी साधी एल २.५ व्हॉल्यूमच्या आसपास. ग्रॅव्हिटी एका पॉइंटने, म्हणजे ०.००१ ने, बंद बाटलीत उतरली तर जवळपास अर्धा व्हॉल्यूम गॅस वाढतो. १.००९ वरून १.००३ म्हणजे सहा पॉइंट, तीन व्हॉल्यूम. त्यात मधाची भर. सूचनेत ‘दोन टेबलस्पून मध’ होतं, मधाचा एक टेबलस्पून २१ ग्रॅमचा, त्यात ८० टक्क्यांच्या वर साखर, म्हणजे ३.६ लिटरला ३४ ग्रॅम साखर झाली, त्याचे आणि बियरमध्ये आधीच विरघळलेल्या गॅसचे मिळून ३.२ व्हॉल्यूम. हेच मुळात जास्त आहे, साधी लाँगनेक बाटली ३ व्हॉल्यूमच्या वर नेऊ नये. एकूण सहाच्या वर. २० डिग्रीला त्याचा दाब होतो ९० पीएसआयच्या आसपास, गाडीच्या टायरमध्ये आपण ३२-३५ भरतो. आणि हे चमचा सपाट धरला तर. मध चमच्याला चिकटून डोंगर होतो, हे आईने केलेलं पंचामृत बघितलेल्या कोणालाही माहितीये.

छोट्या बॅचची खरी गोम हीच आहे. १९ लिटरमध्ये पाच ग्रॅम साखर इकडेतिकडे झाली तर कोणाला पत्ताही लागत नाही, ३.६ लिटरमध्ये त्याच पाच ग्रॅमने पाव व्हॉल्यूमपेक्षा जास्त फरक पडतो. म्हणजे जे किट ‘सोपं, नवशिक्यांसाठी’ म्हणून विकलं जातं त्यातच चुकीला जागा सगळ्यात कमी, आणि मोजायचं साधन नेमकं त्यातूनच काढलेलं. का काढलं ते मित्राला विचारलं. त्याची कारणं वेडगळ नव्हती: हायड्रोमीटर काचेचा, पोस्टात फुटतो, किंमत वाढते, आणि एका मोजणीला १०० मिली बियर लागते, ती दोन-तीनदा घेतली तर दहातली जवळजवळ एक बाटली मोजण्यातच गेली. रिफ्रॅक्टोमीटर, जो प्रकाश किती वळतो त्यावरून साखर सांगतो, त्याला दोन थेंब पुरतात, पण अल्कोहोल झाल्यावर त्याचं रीडिंग चुकीचं येतं, दुरुस्तीचं गणित करावं लागतं, गिफ्ट मिळालेला माणूस ते करणार नाही.

शिवाय विकत घेणारा आणि वापरणारा इथे वेगळे. बायको नवऱ्याला, मुलगी बापाला देते. घेणाऱ्याला दिसतो सुंदर खोका, त्यात गिफ्ट सेट घेतला तर चौकोनी, काचेच्या झाकणाला तार असलेल्या देखण्या बाटल्या. या बाटल्यांवर माझं आणि मित्राचं चांगलंच वाजलं. पहिल्या मेलमधल्या फुटलेल्या तिन्ही बाटल्या चौकोनी होत्या. त्या तेल, सरबत ठेवायला असतात, दाबासाठी नसतात, कोपऱ्यांवर ताण एकवटतो. बियरसाठीच्या तारेच्या बाटल्या मिळतात, गोल, जाड, वजनदार, पण त्या महाग आणि फोटोत तितक्या छान दिसत नाहीत. तो म्हणे लोक त्या बाटल्यांसाठीच सेट घेतात. मी म्हटलं बरोबर आहे, आणि त्याच फुटतायत.

पहिलं काम होतं ज्यांच्या घरात बाटल्या अजून भरलेल्या आहेत त्यांचं. वहिनींनी त्याच रात्री मेलचा मसुदा केला, मित्राने त्यात ‘काही ग्राहकांना थोडा जास्त फेस जाणवला’ असं घुसवलं होतं ते त्यांनी खोडलं. मेल अशी गेली, साधारण: ‘सेझॉन किटच्या बाटल्या फुटू शकतात. गरम बाटली उचलू नका, हलवू नका. वर जाड टॉवेल किंवा ब्लँकेट टाका, खोलीत मुलं आणि कुत्री-मांजरं जाऊ देऊ नका. खोली थंड करता येत असेल तर करा, हीटिंग बंद करा, रात्री खिडकी उघडा. चांगल्या गार झाल्यावरच, डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचं, टॉवेलसकट बाटल्या उचलून झाकणवाल्या कूलरमध्ये बर्फात ठेवा. दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये एकेक उघडा आणि ओतून द्या. पैसे आम्ही परत करतोय, बिल नको.’ गार करण्यात अर्थ आहे, थंड द्रवात गॅस जास्त विरघळून राहतो, तोच ९० पीएसआय २ डिग्रीला ४० च्या आसपास उतरतो, आणि यीस्टही झोपतं. ‘ओतून द्या’ वर मित्र जरा हळहळला, बियर चांगली होती हो खरंच. पण कोणाला बाटल्या परत सील करायचा उद्योग सांगणं म्हणजे अजून एकदा हात काचेजवळ न्यायला लावणं.

पैसे परत करण्यावरून दोघांचा थोडा वाद झाला, तो इथे मांडतो कारण छोटा धंदा करणाऱ्या कोणालाही तो करावा लागेल. मित्राचं म्हणणं, वापरणाऱ्याने थंडीत ठेवलं त्यात आपला काय दोष. वहिनींचं म्हणणं, ‘थंडीत ठेवू नका हे आपण कुठे लिहिलं होतं?’ अमेरिकेत प्रॉडक्ट लायबिलिटीमध्ये वस्तू चांगली असूनही सूचना किंवा इशारा अपुरा असेल तर तोही वस्तूतला दोषच धरतात, इन्शुरन्सवाल्याने त्यांना हेच समजावलं. माझं मत वहिनींच्या बाजूने होतं आणि कायद्याच्या भीतीने नव्हे. गिऱ्हाइकाने कागदावर लिहिलेलं तंतोतंत केलं होतं. दोन आठवडे म्हटलं, दोन आठवडे ठेवलं. बुडबुडे थांबले की भरा म्हटलं, थांबल्यावर भरलं. ज्याने सूचना जितक्या मनापासून पाळल्या त्याची बाटली फुटायची शक्यता तितकी जास्त. विसरभोळा माणूस, जो जानेवारीत जग भरून थेट मार्चमध्ये बाटल्यांकडे वळला, त्याच्याकडे काहीच झालं नाही, आणि असा एक निघालाही, त्याने मेलला उत्तर दिलं की माझी तर छान आहे, तुम्ही काय बोलताय.

किटमध्ये काय बदललं ते सांगतो. सगळ्यात सोपं आधी: मध गेला. त्याऐवजी २४ ग्रॅम साखरेची मोजलेली पुडी, ३.६ लिटरला तिने बरोबर २.६ व्हॉल्यूमच्या आसपास येते. मित्राला मधाचं वाईट वाटलं, खोक्यावर मधमाशी होती. चौकोनी बाटल्या विकणं बंद, गिफ्ट सेटमध्ये आता गोल जाड बाटल्या, सेटची किंमत वाढली. यीस्टच्या पुड्या उघडून वाटणं बंद, प्रत्येक किटला अख्खी सीलबंद पुडी, १ गॅलनला ती जास्त होते पण त्याने काही बिघडत नाही.

यीस्टचंच काय करायचं यावर बराच खल झाला. लॅलमँड या यीस्ट कंपनीने फार्महाउस नावाचं एक यीस्ट काढलंय, सेझॉनसारखी चव पण डायस्टॅटिक गुण काढून टाकलेला, ते हॉलिडे सीझनच्या किटमध्ये घालायचं ठरलं. आधीचं यीस्ट मित्राने ठेवलंय पण वेगळ्या किटमध्ये, ज्यात हायड्रोमीटर आहे आणि जे गिफ्टच्या पानावर दिसत नाही. चवीत फरक आहे, नाही असं नाही, जुनी जास्त कोरडी आणि मला तीच आवडते.

सूचनांचा कागद वहिनींनी नव्याने लिहिला आणि आता तो खरंच वाचण्यासारखा आहे. ‘दोन आठवडे’ हे शब्दच काढले. आता लिहिलंय की कमीत कमी तीन आठवडे, खोली २० डिग्रीच्या खाली असेल तर शेवटचा आठवडा जग घरातल्या सगळ्यात गरम खोलीत, हायड्रोमीटर असेल तर तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा आणि आकडा हलला नाही तरच भरा. आणि ज्याच्याकडे हायड्रोमीटर नाही त्याच्यासाठी किटमध्ये अर्ध्या लिटरची एक प्लास्टिकची बाटली टाकली, आमच्या टेस्टमधूनच सुचलेली. बाकीच्या काचेत भरा, एक या प्लास्टिकमध्ये, आणि रोज दाबून बघा. अंगठा रुतायचा बंद झाला की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. हा उपाय मोजमापाची जागा घेत नाही, पण आकड्यांकडे न बघणारा माणूसही बाटली दाबून बघतो, त्यात मजा वाटते त्याला.

पुढच्या हिवाळ्यात सेझॉनच्या तक्रारी आल्या नाहीत. खप मात्र थोडा कमी झाला, हॉलिडे मार्केटमध्ये ‘किती दिवसांत तयार?’ हा पहिला प्रश्न असतो आणि पाच-सहा आठवडे ऐकल्यावर लोक शेजारच्या टेबलावरच्या हॉट सॉसकडे वळतात. मित्र अजून त्यावर कुरकुरतो.

एक तक्रार तेवढी या सगळ्यात बसत नव्हती, ती पेल एलची. यीस्ट साधं, साखर नवी मोजलेली, सूचना नव्या, तरी बाटल्या उघडल्यावर फेस उसळतोय. चौकशी केली तर त्या बाईंनी आधीच्या वर्षी सेझॉन केली होती आणि यंदा फक्त माल्टचा रिफिल मागवला होता, जग तोच, नळी तीच. काचेचा जग धुऊन स्वच्छ होतो, नळीच्या आत ओरखडे पडतात आणि यीस्ट तिथे दडून राहतं, डायस्टॅटिकसचे थोडेसे जीव पुढच्या बियरमध्ये उतरले तरी डेक्स्ट्रिन खायला पुरतात. त्यांच्या बाटलीतली ग्रॅव्हिटी १.००४ आली, पेल एलला ती १.०१० च्या आसपास राहायला हवी होती, त्यामुळे हेच झालं असण्याची शक्यता जास्त, सिद्ध करायला पीसीआर लागेल आणि त्याचा खर्च त्या रिफिलच्या किमतीच्या कितीतरी वर आहे. वहिनींनी त्यांना नवी नळी, नवं बूच आणि नवा रिफिल पाठवला, आणि आता प्रत्येक रिफिलबरोबर नळीचा नवा तुकडा जातो, जुनी फेकून द्या अशी चिठ्ठी बांधून.